विसर कोणता आणि विकार कोणता?

गणेशचतुर्थीचा दिवस होता. आमच्या घरांत त्या दिवशीं पहांटेपासून स्वयंपाकघराचा ताबा आमच्या थोरल्या वहिनींकडे असे, आणि मोदकांची उकड काढण्याचें काम त्या दुसऱ्या कोणाच्या हातीं जाऊं देत नसत. चाळीस-बेचाळीस वर्षांत त्यांची उकड कधीं बिघडल्याचें कोणास आठवत नाहीं. त्या वर्षीं मात्र पातेलें शेगडीवर ठेवलेलें, पिठी मोजून घेतलेली, अशा वेळीं त्या मध्येंच थबकल्या आणि दारावरून जाणाऱ्या आम्हांस त्यांनीं विचारलें, "भावोजी, आधीं पाणी कीं आधीं पिठी?" आम्ही म्हणालों, "वहिनी, आज आमची परीक्षा घेतां काय?" त्या हंसल्या, आम्हीहि हंसलों, घरांतलीं सगळींच माणसें हंसलीं. आमच्या मंडळींनीं पुढें होऊन उकड काढली, मोदक नेहमींसारखे उत्तम झाले आणि ती गोष्ट तेथेंच संपली असें आम्हांस वाटलें.

ती तेथें संपली नव्हती. उलट ती तेथें प्रथम आमच्या डोळ्यांसमोर येऊन उभी राहिली होती. त्या गोष्टीस आतां पांच वर्षें होऊन गेलीं. त्या दिवशींच्या आमच्या हंसण्याची बोचणी मनांतून जात नाहीं, म्हणून या महिन्याचें सदर आम्ही याच विषयास दिलें आहे. आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या घरीं सत्तरी ओलांडलेलें एखादें तरी माणूस असेल. त्यांच्या विसरण्यापैकीं कोणतें हंसण्यावारी न्यावें आणि कोणतें नेऊं नये, हें वेळेवर कळलें तर पुष्कळ कांहीं वांचवितां येतें. उशिरा कळलें तर केवळ हळहळ पदरीं येते.

आपल्याकडे 'साठी बुद्धि नाठी' ही म्हण फार जुनी आहे, आणि तिच्या जोडीला 'म्हातारचळ' हा शब्दहि आहे. या दोहोंनीं आमच्या समाजाचें जेवढें नुकसान केलें आहे तेवढें क्वचितच दुसऱ्या शब्दांनीं केलें असेल. कारण एकदां म्हण मिळाली कीं उत्तर मिळाल्यासारखें वाटतें, आणि उत्तर मिळालें कीं शोध थांबतो. वास्तविक ही म्हण खोटी असल्याचीं प्रमाणें आमच्याच घरांतून वाढलेल्या माणसांनीं दिलीं आहेत. महर्षि धोंडो केशव कर्वे यांनीं 1944 सालीं समता संघ काढला तेव्हां त्यांनीं ऐंशी केव्हांच ओलांडली होती. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांचा जन्म 1880 सालचा. धर्मशास्त्राच्या त्यांच्या प्रचंड इतिहासाचा शेवटला भाग 1962 सालीं बाहेर पडला. साठीनंतर बुद्धि नासतेच, असा सृष्टीचा नियम असता तर हें घडलें नसतें. वय वाढतांना स्मरणाचा वेग मंदावतो हें खरें. परंतु वेग मंदावणें निराळें आणि वाटच पुसली जाणें निराळें. दुसरी गोष्ट जेव्हां घडते, तेव्हां तो वयाचा धर्म नसून मेंदूचा रोग असतो.

या रोगसमूहास डॉक्टर 'डिमेन्शिया' म्हणतात. मराठींत 'स्मृतिभ्रंश' हा शब्द रूढ झाला आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायांत मनुष्याच्या अधःपाताच्या पायऱ्या सांगतांना हा शब्द आलेला आमच्या वाचकांस ठाऊक असेलच. परंतु तेथील अर्थ नैतिक आहे, येथील वैद्यकीय आहे. तेथें विषयांच्या चिंतनापासून आरंभ होतो; येथें कोणाच्याहि दोषापासून होत नाहीं. शिवाय या नांवामुळें हा केवळ स्मरणाचा विकार असावा असा समज होतो, तोहि अपुरा आहे. निर्णय, भाषा, दिशांचें भान, हिशेब, स्वभाव, या सर्वांवर त्याचा घाला पडतो. आणि कित्येकांच्या बाबतींत स्मरणाची पाळी शेवटीं येते.

यांतील सर्वांत मोठा प्रकार अल्झायमरचा. जगांतील शंभर रुग्णांपैकीं साठ ते सत्तर या प्रकारचे असतात. त्याचा इतिहासच आमच्या म्हणीस खोटें पाडणारा आहे. 1901 सालीं जर्मनींतील फ्रांकफुर्ट येथील रुग्णालयांत आगुस्त नांवाची एक बाई दाखल झाली. तिचें वय साठ नव्हतें, सत्तर नव्हतें. अवघें एक्कावन्न होतें. नवऱ्याविषयीं विनाकारण संशय, मग विसर, मग घरकामांत गोंधळ, अशी तिची अवस्था झाली होती. आपलें नांव लिहावयास सांगितलें असतां तें पुरें होण्याच्या आंतच ती काय लिहीत होती तें विसरे. डॉक्टर आलोइस अल्झायमर यांनीं तिच्या बोलण्याच्या काळजीपूर्वक नोंदी ठेवल्या. 1906 सालीं ती वारली. तेव्हां त्यांनीं तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखालीं तपासला आणि त्याच वर्षीं नोव्हेंबरांत ट्युबिंगन येथील सभेंत आपलें निरीक्षण मांडलें. पेशींच्या बाहेर साचलेला कीट आणि पेशींच्या आंत गुंतलेले तंतु, अशा दोन खुणा त्यांना आढळल्या होत्या. पुढें 1910 सालीं क्रेपेलिन या प्रसिद्ध मानसरोगतज्ज्ञांनीं आपल्या ग्रंथांत या रोगास अल्झायमरचें नांव दिलें. आज आपणांस ठाऊक आहे कीं, हा कीट लक्षणें दिसण्याच्या दहा-पंधरा वर्षें, कित्येकदां त्याहूनहि आधींपासून साचत असतो. म्हणजे आम्हांस वहिनींच्या हातून उकड चुकतांना दिसली, तेव्हां रोग नवा नव्हता. आमचें पाहणें नवें होतें.

हा रोग परदेशांतला, आपल्या साध्या राहणीच्या घरांत तो येत नाहीं, असेंहि कित्येक मानतात. 2023 सालीं प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीवरून भारतांतील साठीवरील माणसांपैकीं शेंकडा 7.4 जणांस, म्हणजे सुमारें 88 लक्ष माणसांस, हा विकार असावा असा अंदाज निघाला. पुरुषांपेक्षां स्त्रियांत त्याचें प्रमाण अधिक आढळलें. या हिशेबानें पाहिलें तर आपल्या आळींत तो नाहीं असें म्हणण्याचें धाडस कोणी करूं नये.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. साधा विसर आणि रोगाचा विसर यांत फरक कसा करावा?

शेजाऱ्यांच्या जावयाचें नांव ऐन वेळीं आठवलें नाहीं आणि जेवतांना एकदम आठवलें, तर त्यांत काळजी करण्यासारखें कांहीं नाहीं. नांव आंत होतें, केवळ दार उघडावयास उशीर लागला. परंतु परवां आपण त्याच जावयाच्या घरीं जेवून आलों ही गोष्टच आठवत नाहीं, 'अहो, श्रीखंड नव्हतें कां?' अशी खूण सांगितली तरी आठवत नाहीं, तेव्हां दार बंद नसून आंत कांहीं ठेवलेलेंच नाहीं असें समजावें. चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधणें हा जुना विनोद आहे. तोच चष्मा ताकाच्या भांड्याशेजारीं फ्रिजमध्यें सांपडणें आणि 'कोणी तरी मुद्दाम ठेवला' असें म्हणणें, हा विनोद नव्हे. निवृत्त माणसास आज बुधवार कीं गुरुवार हें न सुचणें स्वाभाविक आहे. पण श्रावण चालू असतां संक्रांतीचे तिळगूळ कोठें ठेवले म्हणून विचारणें स्वाभाविक नाहीं. आणखी एक खूण आहे. साध्या विसराची तक्रार माणूस स्वतः करतो. रोगाच्या विसराची तक्रार बहुधा घरचीं माणसें करतात, कारण आपण विसरलों हेंच ज्याचें त्यास उमगत नाहीं.

येथें पुष्कळ सुशिक्षित घरें एका गोष्टीनें फसतात. आजोबा नव्वदीला आले, अथर्वशीर्षाचीं आवर्तनें स्वरासह बिनचूक म्हणतात, मॅट्रिकच्या वर्गांतील सोबत्यांचीं नांवें ओळीनें सांगतात. मग त्यांच्या स्मरणशक्तीविषयीं शंका कशी घ्यावयाची? परंतु मेंदूंत नव्या आठवणी रुजविणारा भाग निराळा आहे. कानांच्या बाजूस, आंत खोलवर, तो दोहों अंगांस असतो आणि अल्झायमरचा पहिला घाला बहुधा त्याच्यावरच पडतो. साठ वर्षांपूर्वीं पाठ केलेलें तेथें राहत नाहीं, म्हणून तें पुष्कळ काळ शाबूत असतें. पूजा बिनचूक झाली, पण नैवेद्य दाखविला कीं नाहीं हें दहा मिनिटांनीं आठवलें नाहीं, यांपैकीं आपण पूजेकडे पाहून निश्चिंत होतों. पाहावयास पाहिजे तें नैवेद्याकडे.

म्हणून घरांतील कामें चालतांना नजर ठेवावी. अनेक वर्षें हातीं बसलेल्या पदार्थाचा क्रम चुकूं लागतो. भाजींत मीठ दोनदां पडतें किंवा मुळींच पडत नाहीं. शेगडीवरचें दूध नुसतें ऊतूं जात नाहीं, तें ठेवलें होतें हेंच ध्यानांत राहत नाहीं. जमाखर्चाची वही ज्यांच्या हातीं असते त्यांची बेरीज अडूं लागते. वीजबिल दोनदां भरलें जातें. बँकेच्या कागदावर कोठें सही करावयाची तें कळत नाहीं. अलीकडे मोबाइलवर गोड बोलून पैसे उपटणाऱ्यांचा सुळसुळाट झाला आहे. आयुष्यभर पै-पैचा हिशेब ठेवणारा माणूस त्यांच्या जाळ्यांत अचानक सांपडला, तर त्यास रागें भरण्यापूर्वीं त्याच्या निर्णयशक्तीची चौकशी करावी. तीच हकीकत दहा मिनिटांत चारदां सांगितली जाते. नेहमींचे शब्द हरवतात आणि 'किसणी' म्हणावयाच्या ऐवजीं 'तें घांसायचें' असें म्हटलें जातें. रोजच्या देवळाच्या वाटेवर माणूस वळण चुकतें. ज्यास माणसांची आवड होती तो भजनीमंडळ सोडतो, भिशीला जाईनासा होतो, आणि गुडघे दुखतात अशी सबब सांगतो. खरें कारण असें कीं चारचौघांतलें बोलणें त्यास पेलेनासें झालेलें असतें.

सर्वच प्रकार विसरापासून आरंभ करीत नाहींत हेंहि ध्यानीं घ्यावें. मेंदूच्या पुढल्या भागाचा एक प्रकार आहे. त्यांत स्मरण ठीक राहतें, पण मर्यादशील माणूस अचानक अद्वातद्वा बोलूं लागतो, खाण्याची हांव सुटते, दुसऱ्याच्या दुःखानें मन हेलावत नाहीं. हा विकार साठीच्या आंतहि होतो, आणि घर मात्र त्यास स्वभाव बिघडला असें म्हणून दोष देत बसतें. दुसऱ्या एका प्रकारांत खोलींत नसलेलीं माणसें किंवा जनावरें स्पष्ट दिसतात, झोंपेंत हातपाय झाडले जातात, चाल मंदावते आणि शुद्धि दिवसादिवसाला कमीजास्त होते. रक्तवाहिन्यांच्या विकारापासून होणारा जो प्रकार, तो कित्येकदां पायरीपायरीनें उतरतो. मध्येंच कांहीं दिवस बरें वाटतें, मग एकदम एक पायरी खालीं. त्या घरांत बहुधा रक्तदाब किंवा मधुमेह पूर्वींपासून असतो.

इतकें सांगितल्यावर वाचक विचारतील कीं, लक्षणें इतकीं उघड, तर तुमच्या वहिनींच्या बाबतींत तुम्हीं काय पाहिलें? हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर देण्यास आम्हांस लाज वाटते.

आमचें घर एकत्र आहे. एकत्र कुटुंबाचा आम्हांस अभिमान आहे आणि तो आम्ही सोडणार नाहीं. परंतु या रोगाच्या बाबतींत एकत्र कुटुंबाचा गुण तोच त्याचा दोष होतो. एकट्या राहणाऱ्या बाईची उकड चुकली तर ती चुकलेलीच राहते. आमच्या घरांत ती दुसरी कोणी तरी काढते. वहिनींस शब्द सुचला नाहीं कीं दादा तो पुरवीत. दूधवाल्याचा हिशेब त्या कॅलेंडरवर मांडीत. तो जमेनासा झाला तेव्हां त्यांनीं 'आतां तूं शिक' म्हणून नातवाच्या हातीं दिला, आणि आम्हीं त्यांच्या शिकविण्याचें कौतुक केलें. भजनाला जाणें सुटलें, तें आमच्या मंडळींस ठाऊक होतें. त्याच त्या प्रश्नांचा अनुभव दादांस होता. उकडीची गोष्ट आम्हांस ठाऊक होती. प्रत्येकाच्या हातीं कोड्याचा एकेक तुकडा होता आणि एकानेंहि तो चौकांत आणून मांडला नाहीं.

एकीनें मांडला होता. आमच्या पुतण्याच्या पत्नीनें त्या गणपतीच्याहि आधीं, चैत्रांत, आपल्या नवऱ्यास सांगितलें होतें कीं, आईंचें कांहीं तरी बिघडलें आहे. दिवसाचे दहा तास ती त्यांच्याबरोबर स्वयंपाकघरांत असे; तिनें पाहिलें नसतें तरच नवल. नवरा म्हणाला, "या वयाला इतकें चालायचेंच." तिनें आमच्या मंडळींस सांगितलें, त्या म्हणाल्या, "सासूच्या चुका मोजूं नयेत." ती गप्प बसली. पुढल्या माघांत वहिनींच्या पाटल्या नाहींशा झाल्या. त्यांनीं सर्वांदेखत सुनेचें नांव घेतलें. आम्हांपैकीं कोणीं तें खरें मानलें असें नाहीं. परंतु कोणीं तें खोडूनहि काढलें नाहीं. दोन महिने ती मुलगी त्याच घरांत मान खालीं घालून वावरली. अखेर पाटल्या जुन्या फडक्यांत गुंडाळलेल्या अशा पोह्यांच्या डब्याच्या तळाशीं सांपडल्या. वस्तु नवीन जागीं ठेवणें, तें विसरणें आणि मग चोरीचा संशय घेणें, हें या रोगाचें अगदीं ठरलेलें लक्षण आहे, हें आम्हांस मागाहून कळलें. ज्या घरांत सासूसुनेच्या भांडणाची गोष्ट प्रत्येकास तोंडपाठ आहे, त्या घरांत हें लक्षण लक्षण म्हणून ओळखलें जाणें किती कठीण आहे पाहा! जी सर्वांत आधीं पाहते तिच्यावर सर्वांत शेवटीं विश्वास ठेवला जातो. आणि आरोपहि बहुधा तिच्यावरच येतो, कारण सर्वांत जवळ तीच असते.

म्हणून आमची पहिली सूचना अशी कीं, घरांतील जें माणूस वडीलधाऱ्यांच्या सहवासांत अधिक असतें, मग ती सून असो, मोलकरीण असो वा नातवंड असो, त्याचें म्हणणें चहाडी समजूं नये. दुसरी सूचना अशी कीं, एक वही करावी. तींत तारीख घालून काय घडलें तेवढेंच लिहावें; मत लिहूं नये. महिना-दोन महिन्यांनीं घरांतील कर्त्या मंडळींनीं एकत्र बसून ती वाचावी आणि तीन प्रश्न विचारावे. हें या माणसाच्या बाबतींत नवीन आहे काय? तें वाढत आहे काय? त्यामुळें रोजचें काम अडूं लागलें आहे काय? ज्यांस जन्मभर हिशेब जमला नाहीं त्यांचा हिशेब चुकला तर कांहीं सिद्ध होत नाहीं. पेढीवर हिशेबनीस असलेल्या माणसाचा चुकला तर होतें. तुलना शेजाऱ्याशीं करावयाची नसून त्या माणसाच्या कालच्या स्थितीशीं करावयाची आहे. तिन्ही उत्तरें 'होय' आलीं तर पुढल्या सणाची वाट पाहूं नये.

डॉक्टरांकडे लवकर जाण्याचें सर्वांत मोठें कारण असें कीं, स्मृतिभ्रंशासारखें दिसणारें सगळेंच स्मृतिभ्रंश नसतें, आणि त्यांपैकीं कांहीं बरें होण्यासारखें असतें. बी-बारा जीवनसत्त्वाची उणीव हें त्यांतील एक. तें जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाहीं, तेव्हां पिढ्यान्पिढ्या शाकाहारी असलेल्या आमच्या घरांनीं, विशेषतः ज्यांचें दूधदहीं कमी झालें आहे अशा वृद्धांनीं, त्याची तपासणी अवश्य करून घ्यावी. थायरॉइड ग्रंथीचें काम मंदावणें हें दुसरें. मनाचें खिन्नपण हें तिसरें. जोडीदार गेल्यावर माणूस गप्प होतें, विसरतें, आणि आपण त्यास चळ म्हणतों. सर्दीचीं व झोंपेचीं कांहीं औषधें आणि वारंवार लघवी होते म्हणून दिलेल्या कांहीं गोळ्या वृद्धांच्या मेंदूवर मळभ आणतात. म्हणून चालू औषधांची संपूर्ण यादी बरोबर न्यावी. न्हाणीघरांत पाय घसरून डोक्यास मार लागला, त्या वेळीं कांहीं वाटलें नाहीं, आणि कांहीं आठवड्यांनीं गुंगी व गोंधळ सुरू झाला, तर कवटीच्या आंत रक्त साचलें असण्याचा संभव असतो. तें शस्त्रक्रियेनें काढतां येतें. कानांस कमी ऐकूं येणें हेंहि कित्येकदां विसरच भासतें, कारण जें ऐकलेंच नाहीं तें आठवावें कसें?

एक गोष्ट मात्र वहींत लिहून वाट पाहण्याची नव्हे. कालपर्यंत ठीक असलेलें माणूस एक-दोन दिवसांत भ्रमिष्टासारखें बोलूं लागलें, तर तो लघवीच्या मार्गाचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, रक्तांतील सोडियम कमी होणें, शरीरांतील पाणी घटणें, अशांपैकीं कांहीं असण्याचा संभव मोठा असतो. त्यास त्याच दिवशीं रुग्णालयांत न्यावें. तोंड वांकडें होणें, हात लुळा पडणें, वाचा जाणें, यांपैकीं कांहीं दिसल्यास तर घटकाहि दवडूं नये.

न्यावें कसें, हा प्रश्न नाजूक आहे. 'तुम्हांस वेड लागलें आहे का तें पाहूं' असा अर्थ ज्यांतून निघेल असें एकहि अक्षर बोलूं नये. रक्तदाब, साखर, डोळे, कान यांची वार्षिक तपासणी म्हणून न्यावें. तें खोटेंहि नाहीं, कारण त्या सर्व तपासण्या करावयाच्याच असतात. घरीं परीक्षा घेऊं नये. 'ही कोण सांगा पाहूं,' 'काल काय जेवलांत सांगा पाहूं,' असे प्रश्न पाहुण्यांदेखत विचारणें हा क्रूरपणा आहे. ज्याच्या हातून स्मरण सुटत चाललें आहे, त्याचा मान अजून शाबूत असतो. डॉक्टर थोडे प्रश्न विचारतात, घड्याळाचें चित्र काढवितात, तीन वस्तूंचीं नांवें सांगून थोड्या वेळानें परत विचारतात, रक्त तपासतात, जरूर तर मेंदूचें चित्र घेतात. शाळा न शिकलेल्या आजींस लिहिण्यावाचण्याच्या प्रश्नांत नापास करणें अन्यायाचें, म्हणून निरक्षरांसहि लागू पडतील अशा कसोट्या आपल्या देशांत तयार झालेल्या आहेत. आपली वही डॉक्टरांपुढें ठेवावी, परंतु वडिलांच्या समोर त्यांच्या चुकांचा पाढा वाचूं नये.

निदान झालें म्हणजे सर्व संपलें असें नाहीं. रोग मुळापासून घालविणारें औषध आज नाहीं, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. जे तसें आहे म्हणून विकतात त्यांच्यापासून दूर राहावें. डोनेपेझिलसारखीं औषधें कांहीं काळ लक्षणें सौम्य करतात. अलीकडे, 2023 पासून, अमेरिकेंत मान्य झालेलीं नवीं औषधें मेंदूंतील कीट कमी करतात आणि रोगाचा वेग थोडा मंदावतात. तीं आरंभींच्या अवस्थेंतच लागू पडतात व मेंदूस सूज येण्याचा किंवा रक्तस्राव होण्याचा धोका त्यांत असतो. परंतु लवकर कळण्याचा खरा लाभ औषधांपेक्षां निराळा आहे. माणूस अजून स्वतःचें मन सांगूं शकतें, तोंवर त्यास तें विचारतां येतें.

हा मुद्दा आम्ही जरा जोर देऊन सांगतों, कारण चांगलीं घरें येथें फुटतात. मृत्युपत्र करणाराची समज शाबूत पाहिजे असा कायदा आहे. निदान झालें म्हणजे समज गेलीच असें नव्हे; आरंभींच्या काळांत, डॉक्टरांच्या दाखल्यासह केलेलें मृत्युपत्र पुढील पिढीचे तंटे वांचवितें. मुखत्यारपत्र करून ठेवलें म्हणजे झालें असें पुष्कळांस वाटतें. परंतु लिहून देणाराची बुद्धि गेली कीं सामान्यतः मुखत्यारपत्राचा अंमलहि संपतो, आणि मग पालक नेमून घेण्यासाठीं उच्च न्यायालयापर्यंत जाण्याची पाळी येते. म्हणून बँकेंतील खातीं जोडनांवानें करणें, नामनिर्देशन तपासणें, उपचारांविषयीं त्यांची इच्छा लिहून घेणें, हें सर्व त्यांस विचारून, त्यांच्या संमतीनें आणि सर्व भावंडांच्या देखत करावें. एकानेंच गुपचूप करूं नये.

घरांतील व्यवस्था फार खर्चाची नाहीं. कॅलेंडर व मोठें घड्याळ समोर असावें, वस्तूंच्या जागा बदलूं नयेत, रात्रीं दिवा असावा, शेगडीवर कोणाचें तरी लक्ष असावें, खिशांत किंवा पिशवींत घरचा फोननंबर असावा. तोच प्रश्न दहाव्यांदा आला तरी पहिल्यांदाच आल्यासारखें उत्तर द्यावें; त्यांच्या दृष्टीनें तो पहिलाच असतो. वाद घालून त्यांस खोटें पाडूं नये. आणि शुश्रूषेचें ओझें एकाच सुनेच्या पाठीवर टाकून बाकीच्यांनीं 'तिला सगळें ठाऊक आहे' असें म्हणूं नये. मुलग्यांनींहि पाळ्या वांटून घ्याव्या. कोची येथें 1992 सालीं स्थापन झालेली अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था अशा कुटुंबांस मदत करते. ज्येष्ठांसाठीं 14567 आणि मानसिक आरोग्यासाठीं 14416 या सरकारी फोनवरहि सल्ला मिळतो.

जे अजून चाळिशी-पन्नाशींत आहेत त्यांनीं तर हें प्रकरण दुसऱ्याचें समजूंच नये. 2024 सालीं लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानें चौदा कारणें मोजलीं व तीं टळलीं तर जगांतील सुमारें शेंकडा 45 रुग्णांचा विकार टळेल वा लांबेल असा अंदाज दिला. शिक्षणाची उणीव, बहिरेपण, दृष्टिमांद्य, रक्तदाब, मधुमेह, वाढलेलें वाईट कोलेस्टेरॉल, स्थूलपणा, धूम्रपान, अति मद्यपान, बैठी राहणी, खिन्नता, डोक्यास इजा, एकटेपणा आणि दूषित हवा, हीं तीं कारणें. यांतील निम्म्यांवर तरी आपला ताबा आहे. कानाचें यंत्र लावण्यास लाजणाऱ्या आमच्या वाचकांनीं ही यादी पुन्हां एकदां वाचावी.

असो. वहिनींचें निदान झालें तें त्या उकडीनंतर पावणेदोन वर्षांनीं. तीस वर्षें पायांखालच्या विठ्ठलमंदिराच्या वाटेवर त्या चुकल्या, आणि एका भल्या रिक्षावाल्यानें त्यांस घरीं आणून पोंचविलें, तेव्हां आमचे डोळे उघडले. ते पावणेदोन वर्षांचे दिवस आम्हांस परत मिळणार नाहींत. त्या अवधींत त्यांस कांहीं सांगावयाचें होतें काय, हें आतां त्यांसहि सांगतां येणार नाहीं. आमच्या पुतण्याच्या पत्नीची क्षमा दादांनीं मागितली. आम्हीं ती मागण्यास फार उशीर केला, म्हणून येथें सर्वांदेखत मागतों, कारण तिच्यावरचा आरोपहि सर्वांदेखतच झाला होता.

यंदाच्या चतुर्थीस वहिनी पाटावर बसल्या होत्या. सुनेचें नांव त्यांस आठवत नाहीं. परंतु पारी हातांत दिली कीं बोटें आपोआप कळ्या पाडूं लागतात. हातांची आठवण डोक्याच्या आठवणीहून चिवट असते, हेंहि आम्ही आतां शिकलों आहों. मध्येंच त्यांनीं मान वर करून विचारलें, "आधीं पाणी कीं आधीं पिठी?"

सून म्हणाली, "आधीं पाणी, आई." थोड्या वेळानें त्यांनीं पुन्हां विचारलें, आणि तिनें पुन्हां सांगितलें. घरांत कोणीहि हंसलें नाहीं.